सारखेच तक्ते

माऊसच्या पोटातला रबरी गोळा तळहातावर आला तेव्हा तो कोमट होता, चिकट होता... आतल्या बारीक रुळांवर मळाचं काळं कडं बसलेलं – घाम, धूळ, कुणाच्या तरी समोशाचं तेल. सुनीतीने ते नखाने खरवडलं, नखात अडकलेलं रुमालाला पुसलं, आणि रुमाल दोन बोटांत धरून लांब ठेवला. किती हातांचा हा मळ! आणि याच माऊसने आपण आता काय शोधणार आहोत ते आठवून तिने गोळा घाईघाईने आत ढकलला.

लॅब रिकामी होती. मुलं खाली कँटीनमध्ये बसली होती, कारण चंद्रपूरहून निघालेले बाहेरचे परीक्षक मारेगावपाशीच अडकले होते. कापसाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी बैलगाड्या आडव्या लावून रस्ता रोखला होता. विभागप्रमुख नीळकंठ सर मात्र या खोळंब्यावर खूश होते. "बरं झालं, मॅडम. तुम्हाला वेळ मिळाला," असं म्हणून त्यांनी दोन प्रोजेक्ट तिच्यापुढे ठेवले होते. एक दिपालीचा, एक नयनचा. दोन्हींत सी भाषेतला तोच प्रोग्राम, मजकूर कुलूपबंद करून पाठवणारा.

"आता यातला चोर कोण हे ठरवत बसायचं का आपण?" सर हसले होते. हसताना त्यांच्या दातांच्या फटीत सुपारीचा तुकडा दिसत होता. "नेटवर शोधा. असले एन्क्रिप्शनचे प्रोग्राम ढिगाने पडलेले असतात. सापडला की दोघांनीही उतरवला म्हणायचं, दोघांना काठावर पास करायचं. वाद मिटला. आणि तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, तेही बघू."

दोघांना सारखा न्याय! नयन संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा. काठावर पास झाला काय नि पहिला आला काय, त्याची खुर्ची मामाने पुसूनच ठेवलेली. दिपालीला मात्र पुण्याच्या कंपनीने घेतलं होतं ते पहिल्या वर्गाच्या अटीवर. आणि चोर कोण ते सुनीतीला ठाऊक होतं, म्हणजे वाचताक्षणीच कळलं होतं. दिपालीने प्रोग्राममधल्या व्हेरिएबलना रुई, सरकी, रेचा अशी कापसातली नावं दिली होती – घरी कापूस पिकतो, दुसरं काय सुचणार? नयनने ती बदलून ए, बी, सी केलेली. फक्त एका जागी, कंसाच्या आत, एक 'सरकी' राहून गेली होती. ताटातला केस दिसावा तशी.

तरीही ती शोधत होती.

एक पान, दुसरं पान... सगळीकडे तेच. कुणी तरी कुणाचं तरी उचललेलं, त्यातलं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा तसंच पुढे गेलेलं, आणि खाली पोरांच्या विनवण्या – सर, अर्जंट आहे, कोड पाठवा. चघळून टाकलेला घास पुन्हा उचलून चघळायचा. तिला शिसारी आली. सरांची, त्या सुपारीची, त्या भाच्याची, या पानांची. आणि तरी प्रत्येक पान उघडताना छातीत काहीतरी उंचावत होतं – सापडू दे. एकदा सापडू दे, की मला कुणाशी भांडायला नको... मी हे काय मागते आहे?

मग एक पान खरंच जुळलं. सुरुवातीचे आकड्यांचे तक्ते दिपालीच्या तक्त्यांसारखे, आकड्याला आकडा. ती पुढे झुकली. अर्थात ते जुळणारच होते; हे तक्ते प्रमाण ठरलेले, जगातल्या प्रत्येक प्रोग्रामात तेच असतात, तिनेच वर्गात फळ्यावर सांगितलं होतं. खरा प्रोग्राम त्यांच्या खाली सुरू होतो. दिपालीने मजकुराच्या कुलपाची चावी फिरवण्याची जी रीत काढली होती ती या पानावर नव्हती, कुठेच नव्हती. पण परीक्षक दमून येणार, जेवणाची वेळ टळलेली... वरचं पान दाखवलं तर खालचं कोण बघतो?

तिने प्रिंट दिली. कोपऱ्यातला प्रिंटर किरकिरत एकेक ओळ काढू लागला.

"मॅडम, येऊ का?"

दारात दिपाली. ओढणीने कपाळ टिपत होती. "रस्ता मोकळा झाला म्हणते. बाबांचा फोन आलता, थे बी तिथंच बसले होते न. परीक्षकांची गाडी केव्हाचीच निघाली, येतच असन." मग तिची नजर पडद्यावर गेली, आणि चेहरा एकदम उजळला. "तुम्ही माह्यासाठी शोधून राह्यल्या का? नयन सगळ्यायले सांगत फिरते माहा प्रोग्राम नेटवरचा हाय म्हणून. मले वाटलंच होतं तुम्ही पाहान... सापडला नाही न?"

"नाही," सुनीती म्हणाली.

"मंग सांगा न सरायले!"

प्रिंटर थांबला. दिपाली सवयीने कागद फाडून द्यायला वळली.

"राहू दे!" आवाज इतका चिरका निघाला की पोरगी जागीच थबकली. तिला काही कळलं नाही. "बरं," एवढंच म्हणाली, आणि चपला न वाजवता निघून गेली.

त्या 'नाही'त खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच तो शब्द जिभेवर कडू होऊन बसला होता. सकाळपासूनची किळस किती सोयीची होती – नाकाला पदर लावून दुसऱ्याच्या उकिरड्यापाशी उभं राहावं तशी! त्या पदराच्या आडोशाला राहून आपण स्वच्छ आहोत असं समजत होतो... आता पदर कुठे लावायचा?

खाली गाडीचा हॉर्न वाजला. जिन्यावर सरांचे बूट वाजू लागले, बरोबर कुणाचं तरी मोठ्याने हसणं. कागद प्रिंटरच्या तोंडातून अर्धा लोंबत होता. ती उठून त्याच्यापाशी गेली आणि हात न लावता उभी राहिली. सर विचारतील. त्यांची भीती नेहमीची होती, ती आज कुठे गेली कोण जाणे. भीती वाटत होती ती आता तोंड उघडल्यावर आतून कोण बोलेल, याची.