नाकाची मतमोजणी

बन्सीच्या नाकात बी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे एक कॅन्सर, निघाला. हे वाक्य वाचकांनी वाचलंच नाही असं धरून चालावं. रिपोर्टवर डॉक्टर सदफची सही अजून व्हायचीय.

तर, पिशोरच्या बन्सीचं नाक चार महिने बंद होतं. शहरातल्या दवाखान्यात गाठीचा पहिला तुकडा काढला, तो निव्वळ मेलेल्या पेशींचा निघाला. तपासणाऱ्या सदफला धडकीच भरली. नाकातल्या लिम्फोमाच्या दोन मुख्य जाती, बी आणि एनके-टी. वरून सख्खे भाऊ, औषधं मात्र निराळी. आणि पेशी अशा मारून टाकायची खोड जास्त करून दुसऱ्याची. नाव चुकलं की उपचार चुकला. म्हणून दुसरा तुकडा काढला.

"म्हंजे दोन उमेदवार," बन्सी म्हणाला. वीस वर्षं तो गावच्या प्रत्येक निवडणुकीत मोजणीला एजंट म्हणून बसत आला होता. "मग मोजणी आमच्यासमोर व्हावी, म्याडम."

"दादा, हे रसायन असतं. प्रत्येकाची खूण निराळी. ज्याच्या खुणेला तपकिरी रंग चढेल, तो."

"चढू द्या ना. एजंट पायजेच."

विद्यार्थ्यांसाठी सदफच्या मायक्रोस्कोपला आणखी दोघांना बघायची सोय होती. तिथंच ती फसली. बन्सी बीकडून बसला. एनके-टीला कुणी वाली नाही, हे काही न्यायाला धरून नाही, म्हणून त्याच्याकडून थोरली बहीण मनकर्णाबाई बसली.

बीची काच, खूण सीडी वीस. गच्च तपकिरी! सदफ खुर्चीतच उडाली. मग एनके-टीच्या काचा. खूण सीडी छप्पन, कोरी. दुसरी खूण ईबर, तीही कोरी.

"एक मत नाय?" मनकर्णाबाई कडाडली. "सकाळपासून बसले मी! फेरमोजणी घ्या!"

"आक्का, तू कुणाकडून हायस गं?"

"ज्याच्याकडून बसवलं त्याच्याकडून!"

सदफनं पुन्हा बघितलं, खरं तर स्वतःसाठीच. निकाल तोच. सही करताना तिला हसू आवरेना.

"मंग मी वाचतो का?"

"औषध लागू पडायची चांगली आशा आहे, दादा. फक्त कुठं पसरलंय का, तेवढा स्कॅन करू."

बन्सीनं कोरा कागद मागून घेतला.

"प्रति, मा. विभागप्रमुख, पॅथॉलॉजी विभाग. विषय: आचारसंहिता लागू करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, विजयी उमेदवार श्री. बी यांनी नाकाच्या हद्दीबाहेर, विशेषतः मान, छाती व पोट या ठिकाणी, सभा, मिरवणूक अथवा मुक्काम करू नये, असे लेखी आदेश त्यांना स्कॅनपूर्वी समक्ष बजावण्यात यावेत, ही नम्र विनंती."