तिसऱ्या गिअरची घरघर

पापांच्या लाल गाडीचा गिअरबॉक्स मी एकटीने खोलून बांधला तो एप्रिलमध्ये. त्याआधी बांधले नव्हते असं नाही, पण दर वेळी शेजारी पापा उभे असायचे आणि शेवटचा बोल्ट तेच आवळायचे. फिर्मिनो मेस्त्रींचा गिअरबॉक्स म्हटलं की ब्रागा शहरापासून डोंगरापलीकडल्या गावांपर्यंत लोक मान डोलवतात. आणि मी ओलिंदा, मेस्त्रींची मुलगी, म्हणजे नट-बोल्ट धुणारी. चाळिशी उलटली तरी धुणारीच. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, त्यातली गत. म्हणून या वेळी मी सांगितलं, पापा, तुम्ही बाकावर बसा आणि कशाला हात लावू नका. ते बसले. एका शब्दाने वाद घातला नाही.

गाडी दोन माणसांची, कापडी छपराची, माझ्याहून वयाने मोठी. आमच्या घाटात दर जूनमध्ये चढणीची शर्यत होते आणि शर्यतीआधी जुन्या गाड्या एकामागून एक वर जातात. सगळ्यांत पुढे पापा. तरुणपणी त्यांनी याच गाडीत ती शर्यत जिंकली होती. त्या दिवशी अख्खा जिल्हा भिंतींवर बसून बघत असतो. माझा हिशेब साधा होता: गाडी गप्प वर गेली की लोक आपापले गिअरबॉक्स माझ्याकडे आणतील. नाही गेली तर मरेपर्यंत धुवायचं.

पहिल्याच दिवशी पापा गाडी घेऊन घाटात गेले, परत आले, अबिलियोच्या कॅफेसमोर थांबले आणि उतरता उतरता सगळ्यांदेखत म्हणाले, "तिसऱ्यात घरघरतोय."

अबिलियो कॅफेवाला म्हणजे शर्यतीच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "आत पाना राहिला असेल, ओलिंदा. मोजून बघ, घरात चमचेपण कमी पडतायत का."

सगळे हसले. मीही हसले, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं.

मग मी शोध सुरू केला. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये ऐकलं: काही नाही. क्लच दाबला, सोडला: काही नाही, म्हणजे पुढचं बेअरिंग ठीक. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली: फक्त टायर आणि वारा, म्हणजे मागचं सगळं ठीक. मग तिसऱ्यात, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबून आणि पाय सोडून. मी घाट दहा वेळा चढले-उतरले असेन. गाडी गप्प. पापांना शेजारी बसवून नेलं. गप्प. पापा चालवायला बसले, मी शेजारी, आणि चर्चच्या वळणावर त्यांनी तिसरा टाकला की खालून घरघर सुरू, दगडावर सुरी घासावी तशी.

"ऐकलंस?" पापा समोर बघत म्हणाले.

"ऐकलं."

गिअरबॉक्स उतरवला. खोलला. प्रत्येक दाता बोटाने चाचपला. सगळं जिथल्या तिथे. पुन्हा बांधला, चढवला. माझ्या हाती गप्प, पापांच्या हाती घरघर. पुन्हा उतरवला. तिसऱ्याच्या दातेरी चाकांची सगळी जोडी नवीन घातली. तीच तऱ्हा. तोवर गावात गोष्ट पिकली होती. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर शेजारच्या अमेलियाबाईंनी विचारलं, "बाई गं, वडिलांची गाडी बिघडवलीस म्हणे?" कॅफेतली मंडळी उंटावरून शेळ्या हाकत होती, तेल पातळ झालंय, तेल घट्ट झालंय. मी पाव आणायला पलीकडच्या गल्लीतून जाऊ लागले. कुणी काही न बोलताच मान खाली जायची.

पापांना विचारलं की फक्त म्हणायचे, "बघ, सापडेल." या "सापडेल"चा मला भयंकर राग यायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला आपलं नाव दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाहीये. मनात आणखीही वाईट आलं, तेही सांगते: हे मुद्दाम काहीतरी करतायत.

म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी मी साक्षीदार बोलावले. कॅफेत जाऊन सांगितलं, उद्या घाटात तोंड दाखवण्याआधी आज सकाळी काय तो निकाल लागू दे, सगळ्यांनी या. दहा-बारा जण हातात कॉफीचे पेले घेऊन गॅरेजमध्ये आले. अबिलियोने घरून खुर्ची आणली होती.

गाडीची मागची चाकं लोखंडी घोड्यांवर टेकवून हवेत ठेवली. पापांना म्हटलं, बसा आणि चालवता तशी चालवा. मी लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन पाठीवर खाली सरकले. त्याचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावली की आतलं सगळं ऐकू येतं. पापांनी पहिला टाकला, दुसरा, मग तिसरा. घरघर सुरू झाली. मी टोक पुढच्या बेअरिंगला लावलं: स्वच्छ. मागच्या बेअरिंगला: स्वच्छ. मग वर, जिथे आत गिअर सरकवणारा फोर्क असतो तिथे. तिथे नुसतं किंचाळत होतं.

फोर्क आपणहून घासत नाही. गिअर पडला की त्याने मोकळं उभं राहायचं असतं. तो घासतो तो वरून कुणी गिअरचा दांडा दाबून धरला तरच. म्हणजे हात. पापा तिसऱ्यात दांड्यावर हात ठेवून चालवत होते, आणि तोही नुसता ठेवून नाही, रेटून.

मी बाहेर आले तेव्हा मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. एप्रिलपासूनचं सगळं मान खाली घालणं त्या क्षणी फिटलं. मी गाडीच्या दारापाशी उभी राहिले आणि मुद्दाम मोठ्याने, मंडळींना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेस्त्री, दांड्यावर हात ठेवून कोण चालवतं हो? शिकाऊ पोरं चालवतात."

अबिलियो खुर्चीतून हसला. "सापडला चोर."

पापांचा हात दांड्यावरच होता. बोटं पांढरी पडलेली. ते म्हणाले, "बंद करतो गाडी."

"बंद नाही करायची. हात काढा. सगळ्यांना ऐकू दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ओलिंदा," ते हळू म्हणाले, "नको."

मला त्यात हट्ट ऐकू आला. मी वाकले, त्यांचं मनगट धरलं आणि हात दांड्यावरून उचलला.

घरघर थांबली. चाकं हवेत फिरत होती आणि इंजिनाशिवाय कसलाही आवाज नव्हता. माझा गिअरबॉक्स, लोण्यासारखा. मी मंडळींकडे वळले. "ऐकलंत?"

माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे माझ्या मुठीतल्या हाताकडे बघत होते. तो थरथरत होता. मला आधी इंजिनाची थरथर वाटली. मी दुसऱ्या हाताने चावी फिरवून इंजिन बंद केलं. चाकं थांबली. हात तसाच, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत, जणू नाणं चाचपतोय. मी तो सोडायला हवा होता. पण मला सुचलंच नाही. मी तो तसाच धरून उभी होते, सगळ्यांना नीट दिसेल असा.

पापांनी तो स्वतःच सोडवून घेतला आणि दुसऱ्या हाताखाली मांडीवर दाबला. मग मान वर करून म्हणाले, "गिअरबॉक्स उत्तम बांधलाय तिने. माझ्याहून बरा. घरघर माझी होती."

अबिलियोला आयुष्यात पहिल्यांदा विनोद सुचला नसावा. तो उठला, खुर्ची काखेत मारली आणि म्हणाला, "आज गारठाच आहे, मेस्त्री." बाहेर ऊन रणरणत होतं. एकेक करून सगळे गेले. जाताना पेले बाकावर ठेवून गेले, आवाज न करता.

मी जमिनीवर बसले. विचारलं, "हाताचं कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यापासून. दाबून धरला की राहतो."

आता एकेक आठवू लागलं. सूप अर्धं टाकून "भूक नाही" म्हणणं. कॅफेत छोट्या पेल्याऐवजी मोठा मग मागणं, तोही अर्धाच भरलेला. आणि एप्रिलमध्ये मी एकटीने बांधते म्हटल्यावर मुकाट बाकावर जाऊन बसणं. एका टेबलावर जेवतो आम्ही, रोज. मला बेअरिंगमधला केसाएवढा दोष कळतो आणि हे दिसलं नाही.

"आणि आवाजाचं? तो हाताने होतो हे?"

त्यांनी मांडीवरचा हात आणखी दाबला.

"पापा."

"पहिल्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "दार उघडून उतरेपर्यंत कळलं होतं. पण तोंडातून शब्द निघून गेला होता."

"मी दोनदा उतरवला. लोक मला हसत होते."

"माहीत आहे. वर खोलीत बसून ऐकत होतो. कुठला बोल्ट सोडतेस तेही कळायचं." ते म्हणाले. "वाटायचं, आज सांगू. तू जेवायला वर यायचीस, हात काळे, तोंड उतरलेलं. मग वाटायचं, उद्या. गिअरबॉक्स काय, वाईट ठरला तरी परत बांधता येतो, पोरी."

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. कुणाचा ते धड कळेना. त्यांनी स्वतःचा हात झाकायला माझं नाव वापरलं होतं, आणि मी माझं नाव झळकवायला त्यांचा हात. मी उठून पेले गोळा केले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, गाडी मी चालवली. पापा चर्चच्या भिंतीपाशी कोट घालून उभे होते, त्या उन्हात, उजवा हात खिशात. चर्चच्या वळणावर मी तिसरा टाकला, हात स्टिअरिंगवर घेतला, आणि गाडी गप्प वर गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

माझा हिशेब मात्र बरोबर निघाला. त्या आठवड्यापासून लोक येऊ लागले. गोष्ट माझ्याआधी गावोगाव पोचली होती आणि प्रत्येकाला ती माझी तारीफ वाटत होती. परवा व्हिला रियालहून एक माणूस आला, चंदेरी दोन आसनी गाडी घेऊन. भला माणूस होता बिचारा. म्हणाला, "ती बाई तुम्हीच ना? लोखंडातून हात ऐकणारी? गाडीचा रोग सांगायला घेतला आणि चालवणाऱ्याचाच सांगितला म्हणे, भर सभेत." आणि हसत हसत त्याने आपला हात हवेत धरून हलवून दाखवला.

पापा मागे बाकापाशी चाळणीतून बोल्ट धूत होते. आता नट-बोल्ट धुणं त्यांच्याकडे आहे, ते त्यांनीच मागून घेतलं. मला वाटलं, ऐकलं नसेल. त्यांनी फडक्याला हात पुसले, सावकाश पुढे आले आणि म्हणाले, "हो, तीच. माझी मुलगी." मग उजवा हात त्याच्यापुढे केला. दाबून न धरता, थरथरत होता तसाच. "आणि तो हात हा. फिर्मिनो."

त्या माणसाचा चेहरा लाल झाला. पण पुढे केलेला हात घ्यावाच लागतो. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि कितीतरी वेळ त्याला सोडायचं सुचेना. मी त्याच्या गाडीखाली सरकले आणि तिथेच पडून राहिले, इंजिन अजून सुरूही केलं नव्हतं.