पहिल्या दिवसाचा भाव

मित्रांनो, मी एक जुना गेम कॉन्सोल आहे. माझी डावी कूस फुटलेली आहे, पंखा फिरत नाही आणि उभ्या आयुष्यात मी फक्त चार दिवस चाललो. पण माझ्याविषयी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट ही नव्हे. मी एका माणसाचा डोळा फोडला आहे. हात दुसऱ्याचा होता, पण घाव माझा होता.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसत. एकीने माझ्या पोटात पंखा बसवला, दुसरीने स्क्रू पिळले आणि तिसरीने मला कानाशी धरले. "हा शहाणा आहे गं," ती शेजारणीला म्हणाली, "जराही घरघरत नाही." माझी एवढीच काय ती स्तुती झाली. मग त्यांनी मला जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात घातले. खोक्याच्या कोपऱ्यांत पुठ्ठ्याच्या घड्या ठासून ते लाकडासारखे टणक केले होते. मला धक्का लागू नये, म्हणून ती काळजी. माझा धक्का दुसऱ्याला लागेल, याचा विचार कोणी केला नव्हता.

दुकानात आम्ही चाळीस जण आलो. काचेवर माझे माणसाहून मोठे चित्र लावले होते आणि त्याखाली माझा भाव. तो वाचून लोक आधी हसत, मग पुन्हा वाचत आणि मग घरी जाऊन हिशेब करत. गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक माणूसही असाच तीनदा येऊन तो भाव वाचून गेला. त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा तो होता. त्याला अकरा वर्षांची मुलगी होती. लहानखुरी आणि तिखट, म्हणून घरात सगळे तिला लवंगी म्हणत. पहिल्याच दिवशी आपल्याकडे नवा कॉन्सोल येणार, असे लवंगीने वर्गात सांगून टाकले होते.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी धुण्याचे काम करी. त्या दोघांत काय बोलणे झाले, ते मला पुढे न्यायालयात ऐकायला मिळाले.

"अहो, सहा महिने थांबा," ती म्हणाली होती. "भाव उतरेल, आणि पहिल्या मालात काय खोट असते तीही कळेल. पहिल्या दिवशी घेतला म्हणून त्यातून दोन खेळ जास्त निघतात का?"

"तुला नाही कळायचं. पहिल्या दिवशी घेणाऱ्याचं नाव होतं."

"नाव होतं की लोक नावं ठेवतात, ते बघू."

पण त्याने ऐकले नाही. लहानपणी तो एका खेळघराच्या खिडकीला नाक लावून दुसऱ्या मुलांचे खेळ बघत उभा राही, आणि मालक आतून पाणी फेकून त्याला हाकलून देई. त्यामुळे मुलीसाठी म्हणून तो जे घ्यायला निघाला होता, त्यात त्याची स्वतःची हौसही होती, आणि ती फार जुनी होती.

विक्रीच्या दिवशी सकाळी दुकानाबाहेर तीनशेवर माणसे होती. व्यवस्थापकाने शटर कमरेएवढे वर केले आणि वाकून ओरडला, "नग चाळीसच आहेत! बाकीच्यांनी घरी जा!" ते वाक्य पुरे व्हायच्या आत लोकांनी शटर वर रेटले. आतले काचेचे दार एकदा वाकल्यासारखे झाले आणि फुटले. मित्रांनो, काच फुटल्यावर माणसे मागे सरतील असे मला वाटले होते. ती काचेवरून आत आली. दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने काठी आडवी धरली होती. ती काठी त्याच्याच छातीवर दाबली गेली, तो खाली पडला आणि त्याच्या हातावरून बूट गेले, चपला गेल्या. एका बाईने सहनशक्ती संपल्यासारखे पुढच्याच्या मानेला नखांनी ओरबाडले. कोणी कोणाचा शर्ट फाडला, कोणी रॅक ओढून पाडला. आणि कितीतरी जण हात उंच करून फोनवर हे सारे टिपत होते.

पाच मिनिटांत एकोणचाळीस खोकी गेली. उरलो मी.

माझ्यावर दोन जोड हात एकदम पडले. एक फोर्कलिफ्टवाल्याचा, दुसरा एका बेकरीवाल्याचा. बेकरीवाला आडव्या बांध्याचा होता. रोज पहाटे मणभर कणीक तिंबणाऱ्या त्याच्या हातांची पकड सुटेना.

"सोड! माझा हात आधी लागला!"

"आधी कोणाचा लागला ते देवाला विचार. सोड म्हणतो ना!"

बेकरीवाल्याने हिसडा दिला. फोर्कलिफ्टवाल्याचे डोके रॅकच्या कडेवर आपटले, कपाळातून रक्त आले. मग त्याने जे केले ते मी त्याच्याच हातात असताना पाहिले. त्याने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचलले आणि खाली आणले. माझा तो टणक कोपरा बेकरीवाल्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

तो ओरडलासुद्धा नाही. "आई" एवढेच म्हणाला आणि गुडघ्यांवर बसला. त्याच्या बोटांमधून रक्त मनगटापर्यंत उतरले. भोवतीची माणसे एकदम पांगली. फोर्कलिफ्टवाल्याने पैसे गल्ल्यावर टाकले आणि मला छातीशी धरून तो पळत सुटला.

घरी लवंगी मला बघून नाचली. "बाबा, या कोपऱ्याला काय लागलंय?" तिने विचारले.

"रंग असेल. छापताना लागतो."

तिची आई चहा गाळत होती. तिने खोक्याकडे पाहिले, नवऱ्याच्या कपाळाकडे पाहिले आणि चहा पुन्हा गाळला. 

चार दिवस बापलेक माझ्यापुढून हलली नाहीत. खेळ मारामारीचा होता. पडद्यावरची माणसे एकमेकांना उचलून आपटत, त्यांचे दात उडत, आणि नवा डाव सुरू झाला की तीच माणसे धडधाकट उभी राहत. लवंगी जिंकली की बाप खदखदून हसे. मला लाज वाटते, पण सांगतो, त्या चार दिवसांत मी सुखी होतो. मी एवढ्यासाठीच तर जन्मलो होतो.

पाचव्या दिवशी लवंगी शाळेतून आली ती ओठ फाटलेला आणि वेणी सुटलेली, अशी.

"कोणी मारलं तुला?" बाप उठून उभा राहिला. "नाव सांग."

"मीच आधी मारलं. ती म्हणाली, तुझा बाप गुंड आहे." लवंगीने आईचा फोन घेतला, एक चित्रफीत लावली आणि त्याच्यापुढे धरली. "आता तुम्ही सांगा. तुम्ही कोणाला मारलंत?"

त्याने पाहिले. दोनदा पाहिले. "त्यानेच आधी ओढलं. गर्दीत होतं असं."

"त्याचा डोळा गेला, बाबा."

"मग मी काय करू? तुझ्यासाठीच आणला ना?"

"माझ्यासाठी म्हणू नका!" लवंगी किंचाळली. तिने माझ्या वायरी उपटल्या आणि मला उचलले. बापाने हात उगारला. आई मध्ये आली, आणि तो हात तिच्या कानशिलावर बसला. ती दाराच्या चौकटीवर जाऊन आपटली. त्याच क्षणी लवंगीने मला अंगातल्या सगळ्या ताकदीने भिंतीवर फेकले. माझी कूस तडकली, पंखा सुटून पोटात खडखडला. तसा मी आयुष्यात पहिल्यांदाच आवाज केला असेन.

आई चौकटीला धरून उठली. कानातून रक्ताची बारीक रेघ गळ्यावर उतरली होती. ती पुसायच्या भानगडीत न पडता तिने माळ्यावरचे रिकामे खोके काढले.

"हा डाग मला पहिल्याच दिवशी कळला होता," ती म्हणाली. "रोज शेकडो चादरी धुते मी. रक्त काय असतं ते मला शिकवू नका. कळूनही गप्प बसले, ते माझं चुकलं." तिने मला खोक्यात घातले, पायांत चपला सरकवल्या आणि लवंगीचा हात धरला. "आम्ही पोलीस चौकीत जातोय. तुम्ही मागून या, नाहीतर ते न्यायला येतील."

तो तिला आडवा गेला नाही. तासाभराने तो आपल्या पायांनी चौकीत आला.

त्यानंतरची दोन वर्षे मी मुद्देमालाच्या खोलीत काढली. खटला संपेपर्यंत पुरावा म्हणून जपलेल्या वस्तूंची ती खोली. माझ्या एका बाजूला कोयता होता, दुसऱ्या बाजूला सायकलची साखळी. आम्हा सगळ्यांच्या गळ्यांत सारख्याच चिठ्ठ्या होत्या. साखळी चाकासाठी जन्मली होती, कोयता उसासाठी. आता कोणी कोणाला हसण्यासारखे राहिले नव्हते. एकदा झाडायला आलेला हवालदार मला बघून म्हणाला, "हा अजून इथंच? माझ्या पुतण्यानं परवा निम्म्या भावात घेतला. वर दोन खेळ फुकट!"

न्यायालयात बेकरीवाला काळा चष्मा लावून उभा राहिला. वकिलाने त्याला विचारले, "तुम्हाला हा कॉन्सोल कशासाठी हवा होता?"

 "मला खेळता येत नाही," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी दुप्पट भावात विकणार होतो."

फोर्कलिफ्टवाल्याने मान वर केली नाही. त्याने सारे कबूल केले. शिक्षा एका वर्षाची झाली, शिवाय भरपाई. निकालानंतर कारकुनाने मला टेबलावर ठेवून विचारले, "हा कोण घेऊन जाणार?"

"घरात नको," आई म्हणाली.

"मी घेते," लवंगी म्हणाली. ती आता तेरा वर्षांची झाली होती.

ती मला घेऊन सरळ बेकरीत गेली. बेकरीवाला भट्टीपुढे होता. एका डोळ्याने अंतर नीट कळत नसल्यामुळे त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजल्याच्या डागांनी भरले होते. लवंगीने मला पिठाच्या टेबलावर ठेवले.

"मी त्यांची मुलगी. याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा, काका."

त्याने मला ओळखले. भट्टीतला लोखंडी गज उचलून त्याने माझ्यावर घातला. पहिला घाव चुकला आणि टेबलावर बसला, पीठ छतापर्यंत उडाले. दुसरा माझ्या फुटक्या कुशीत शिरला. तिसऱ्यासाठी त्याने गज वर नेला आणि तो तसाच थांबला, कारण लवंगी जागची हलली नव्हती.

"पळत का नाहीस, पोरी? भीती नाही वाटत?"

"वाटते. पण त्या दिवशी तुम्हाला टाकून सगळे पळाले होते ना."

गज हळूहळू खाली आला. त्याने तो भिंतीशी टेकवला आणि पिठाने माखलेल्या बाहीने तोंड पुसले.

"बाबा सुटले की माफी मागायला येणार म्हणतात," लवंगी म्हणाली. "येऊ देत का?"

"येऊ दे. पण रिकाम्या हाताने. मिठाई नको, फुलं नको. हातात काही दिसलं तर मी दार लावून घेईन."

वर्षाने फोर्कलिफ्टवाला आला. भर दुपार होती, मी पिठाच्या गोण्यांशेजारी पडून होतो. तो दारात डाव्या बाजूला उभा राहिला, आणि त्या बाजूचे बेकरीवाल्याला दिसत नव्हते. हे लक्षात येताच तो चार पावले फिरून उजवीकडे आला आणि दोन्ही तळहात उघडे ठेवून उभा राहिला. बेकरीवाल्याने त्याला एक सणसणीत थोबाडीत मारली. त्याचे हात जागचे हलले नाहीत. दुसरी मारली. तिसऱ्या वेळी बेकरीवाल्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला.

"लागलं?"

"लागलं."

"बस त्या गोणीवर."

तो बसला. पाव भाजून होईपर्यंत तो तिथेच बसून राहिला. माफी मिळाली की नाही, ते मला माहीत नाही. बेकरीवाल्यालाही ठाऊक नसावे.

मित्रांनो, मला विकत घेऊ नका असे मी कोणत्या तोंडाने सांगू? घ्या, मनसोक्त खेळा. सहा महिने थांबून घेतलात तरी मी तेवढाच चालेन. मला पुसून ठेवा, उन्हात टाकू नका, हे तर खरेच. पण तुमच्याकडे एकच गोष्ट मनापासून मागतो. कधी डोक्यात रक्त चढले, समोरच्याचा चेहरा दिसेनासा झाला, तर हातात त्या वेळी जे काही असेल, दप्तर असो, पेला असो, नाहीतर माझ्यासारखी एखादी महागाची वस्तू असो, ते आधी खाली ठेवा. आम्हाला स्वतःहून थांबता येत नाही.