संत रोकुसांची झाकलेली जखम

मित्रांनो, युरोपातल्या टिरोलच्या डोंगरातल्या एका लहानशा चर्चमध्ये, वेदीच्या मागे लावलेली मी एक जुनी तसबीर आहे. माझं वय विचारू नका. ज्या लाकडी फळ्यांवर मला रंगवलं, त्यांना तडे गेलेत, मेणबत्त्यांच्या धुराने रंग काळवंडलाय. पण माझ्यातले संत रोकुस अजून ताठ उभे आहेत.

त्यांना ओळखणं सोपं आहे. खांद्याला टेकलेली वाटसरूची काठी, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा, आणि एका हाताने झगा वर करून ते दुसऱ्या हाताने मांडीवरची जखम दाखवतात. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला. रानात एकटे पडले, तेव्हा हा कुत्रा त्यांना रोज पाव आणून देई.

माझ्या चित्रकाराने कुत्रा घाईत उरकला, त्यामुळे तो थोडा मेंढरासारखा दिसतो. जखमेवर मात्र त्याने दिवसच्या दिवस घालवले. त्याच्या घरची माणसं प्लेगनेच गेली होती. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून त्यांनी शेवटपर्यंत दुखणं लपवलं होतं. निदान माझ्या संताने तरी काही लपवू नये, असं त्या बिचाऱ्याला वाटलं असावं.

पिढ्यान्‌पिढ्या लोक माझ्यापुढे आपापली दुखणी उघडी करत आले. लोणी विकणारी आफ्रा तशीच यायची, भर दुपारी, कुणी नसताना. घागरा जरा वर करून नडगीवरची चिघळलेली जखम दाखवायची. "बघा हो रोकुसबाबा, तुमची आणि माझी गत एकच," म्हणायची. गावाला कळलं तर तिच्या हातचं लोणी कोण घेणार? मी मनात म्हणायचे, बाई, वैद्याला दाखव गं. पण तसबिरीचं ऐकतंय कोण! तरी हळूहळू तिला धीर येत होता. रोकुसबाबांच्या सणाला वैद्य येईल, त्याला नक्की दाखवीन, असं तिने मला कबूल केलं.

तेवढ्यात नवे फादर कासियान आले. मनाने चांगले, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. बिशप भेटीला यायचे होते. उघडी मांडी आणि पू, तेही वेदीवर, बरं दिसत नाही, असं म्हणत त्यांनी रंगाऱ्याकडून संतांचा झगा पार घोट्यापर्यंत खाली आणवला. बोट आता नुसत्या कापडाकडे! बाबांच्या झग्यावर रस्सा सांडलाय, तो दाखवतायत, अशी पोरं टिंगल करू लागली. बिशपनी माझी तोंडभरून वाहवा केली. मला मात्र रडू येत होतं.

आफ्रा आली. त्या नव्या झग्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग हातातला घागरा सोडला, पायाची पट्टी आणखी आवळली आणि निघून गेली. सणाला वैद्य आला नि गेला. तिने त्याला काही दाखवलं नाही.

थंडीच्या सुरुवातीला एका रविवारी ती प्रार्थनेला उभी राहायला गेली आणि कोसळली. फादरांनी धावत जाऊन पट्टी सोडली. वासाने लोक मागे सरले. फादर पांढरेफटक पडले.

"मावशी, अहो, इतके दिवस कुणाला सांगितलं का नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"त्यांनासुद्धा झाकलंत की हो, फादर. मग मी कोणत्या तोंडाने दाखवू?"

आफ्रा जगली, पण गुडघ्याखाली पाय कापावा लागला. फादरांनी रंगाऱ्याला बोलावलं नाही. स्वतःच सुरी घेऊन बसले आणि झग्याचा रंग खरवडून काढला. हात सराईत नव्हता, त्यामुळे जखमेच्या कडेला पडलेला ओरखडा अजून तसाच आहे. मला त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते आफ्राच्या पायाचं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ मऊ फडक्याने पुसा, मेणबत्त्या जरा लांब लावा. पण मला देखणी करायच्या नादात त्या जखमेला हात लावू नका. आणि तुमचं काही दुखत असेल तर माझ्यापुढे नंतर या, आधी माणसांना दाखवा. मला फक्त बघता येतं हो, बरं करता येत नाही.