रिकाम्या जागेतलं पंचावन्न

एक्केचाळीस बायकांची वयं आर्जवनं आपल्या मनानं ठरवली, एवढाच त्याचा गुन्हा. बाकी सगळं काम त्यानं चोख केलं होतं आणि चोख कामाचं कौतुकही भरपूर झालं. पंचाईत झाली ती त्यामुळंच.

सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा. पेठेत पोत्यांवर बसण्यापेक्षा कॉम्प्युटरपुढं बसावं म्हणून रहिमतपूरच्या बाजूला एका तालुक्याच्या कचेरीत चिकटला. साल अठ्ठ्याण्णव. कचेरीत मशीन नवंनवं, त्याला धूळ लागू नये म्हणून तहसीलदारसुद्धा चपला बाहेर काढून आत येत. हे देवदत्त रावसाहेब मोठे हौशी. त्यांनी जाहीर केलं, की निराधार म्हाताऱ्यांच्या मदतीची यादी यंदा कपाटात कुजणार नाही. ती कॉम्प्युटरवर छापायची, गावोगावच्या चावडीवर लावायची, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची. कुणाची हरकत असेल तर त्यानं पंधरा दिवसांत कागदावर द्यावी. मदत मात्र पासष्ट पूर्ण झालेल्यालाच.

विचार सोन्यासारखा होता. पण एक्केचाळीस बायकांच्या अर्जांत वयाची जागा कोरी होती, आणि वय घातल्याशिवाय मशीन पुढच्या ओळीवर सरकत नव्हतं. गावोगाव हिंडून विचारायचं तर आठवडा मोडणार. आर्जवनं तात्पुरतं म्हणून सगळ्यांना पंचावन्न घातलं. त्याची आई गुणमाला पंचावन्नची, तोच आकडा बोटाशी आला. मागून दुरुस्त करू म्हणाला आणि विसरला. खरं सांगायचं तर विसरला नाही, कंटाळा केला.

पिंपळखिंडीच्या चावडीत यादी वाचायला तोच उभा राहिला. वाचता वाचता ओळ आली, "बनुबाई केरबा शेडगे. वय पंचावन्न. अपात्र."

पुढ्यातच एक म्हातारी बसली होती. तोंडात दात नाही, पाठीला पोक.

"पंचावन्न?" ती पुटपुटली. "आवं, पत्री सरकारच्या टायमाला माझ्या पदरात दोन लेकरं हुती की."

मागनं एक गडी ओरडला, "म्हातारे, मशीन म्हंतंय तू तरणी हाईस. लाग आता कामाला!"

चावडी खदखदून हसली. बनुबाईही पदर तोंडाला लावून हसली. आर्जवनं यादीवरून मान वर केली. चूक माझी आहे, एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. पण मशीन कधी चुकत नाही हे रावसाहेबांनी नुकतंच गावाला सांगितलं होतं, आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसून मान डोलावत होते. आर्जवनं पुढचं नाव वाचलं.

दहा-बारा दिवस गेले. एकही हरकत आली नाही. "बघ, याला म्हणतात उघडा कारभार," रावसाहेब म्हणाले आणि त्याची पाठ थोपटली. ती थाप आर्जवला दिवसभर बोचत राहिली.

रविवारी तो सांगलीला घरी गेला. घर जैन, पर्युषण संपून क्षमावाणीचा दिवस होता. रीतीप्रमाणं आईनं लेकापुढं हात जोडले. "वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर बाळा." आर्जवला तिच्या डोळ्याला डोळा देववेना. चुकणारा तो आणि हात जोडणारी ती! लाज वाटली त्याला, अगदी आतून.

सोमवारी, चौदाव्या दिवशी, हरकतीचा कागद आणि शाईचा पॅड घेऊन त्यानं पिंपळखिंड गाठली. बनुबाई घरी नव्हती. शेजारच्या भुईमुगात खुरपं घेऊन भांगलत होती.

"आजी, या उन्हात?"

"पंचावन्नच हाय म्हटल्यावर बसून खायाची लाज वाटली बगा."

आर्जवनं कागद पुढं केला. उद्याचा शेवटचा दिवस, अंगठा करा, म्हणाला. तिनं हात मागं घेतला. "न्हाई बा. सरकारनं छापलंय, चार लोकांत वाचलंय. मलाच मेलीला माझं वय ठावं न्हवतं. आता खोटा अंगठा कशाला?"

"आजी, खोटं मी लिहिलं. तुमचं वय मी माझ्या मनानं घातलं. मला क्षमा करा." त्यानं हात जोडले.

बनुबाईनं खुरपं खाली ठेवलं. "इचारलं असतं तर सांगितलं असतं की रं लेकरा," म्हणाली, आणि अंगठा उमटवला. मग पदराला शाई पुसत तिनं विचारलं, "असं मनानं आणिक किती जणींचं घातलंस?"

"चाळीस."

"माझं म्या माफ केलं. त्यांचं म्या कसं करू?"

आर्जवनं पिशवीकडं पाहिलं. हरकतीचा कागद त्यानं एकच आणला होता.