उतार कुंपणाकडे

मी मांडव बोलतोय. लग्नाचा नव्हे. माझ्याखाली कधी अक्षता पडल्या नाहीत की पंगती उठल्या नाहीत. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका लहानशा गावात, घराच्या मागच्या अंगणात चार खांबांवर उभा असलेला मी सीडरच्या लाकडाचा मांडव. इथे मला पर्गोला म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधंच: उन्हापावसात दोन-तीन माणसांना बाहेर बसता यावं.

ते काम मी चोख केलं, आणि ते करता करता तीस वर्षांची एक मैत्री बुडवली. मला कुणी दोष देत नाही. लाकडाला कोण दोष देणार? पण पाणी माझ्याच अंगावरून गेलं होतं, आणि ते काही केल्या विसरता येत नाही.

माझा धनी व्हर्लिन हॉगन. रस्त्यावरचा बर्फ लोटणारी सरकारी गाडी त्याने बत्तीस हिवाळे चालवली. निवृत्त झाला तसा दिवसभर घरात घुटमळायला लागला. कपाटांची दारं उघडून बिजागऱ्या तपासायचा, चमच्यांची जागा बदलायचा. शेवटी त्याची बायको आर्डिस वैतागली. "माझ्या पायात पायात येऊ नकोस," ती म्हणाली. "मागे जा आणि काहीतरी बांध." माझा जन्म असा झाला.

मला उभं करायला शेजारचा नॉर्बर्ट थीलन आला होता. तो टपाल खात्यातून निवृत्त झालेला, उंच, वाकलेला माणूस. दोन्ही अंगणांच्या मधल्या कुंपणात या दोघांनी फार वर्षांपूर्वी एक फाटक केलं होतं, आणि त्याला कडी लावली नव्हती. इथली जमीन थंडीत गोठून फुगते आणि उथळ पुरलेला खांब वर ढकलून देते, म्हणून दोघांनी चार-चार फूट खड्डे खणले. नॉर्बर्टने पाणसळ धरली.

"केसभर डावीकडे घे," तो म्हणाला.

"केस कुणाचा? तुझ्या डोक्यावर तर एक उरला नाही," व्हर्लिन म्हणाला.

तुळया चढल्या, वासे चढले, आणि पहिला उन्हाळा मी तसाच बोडका काढला. चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, माझ्याखाली जेवणाचा बेत होता. बटाट्याचं सॅलड टेबलावर आलं आणि पावसानेही तीच वेळ साधली. ताटं उचलून पळता पळता आर्डिस म्हणाली, "हा मांडव आहे की शिडी आडवी करून ठेवलीय?"

तेव्हापासून व्हर्लिनला छपराचा ध्यास लागला. तो हिवाळाभर माहितीपत्रकं वाचत होता. एप्रिलात बर्फ वितळला तसे त्याने तीन प्रकारचे नमुने आणून माझ्या वाशांवर ओळीने मांडले, आणि प्रत्येकाखाली खुर्ची टाकून दहा-दहा मिनिटं बसला. मग आर्डिसला आणि नॉर्बर्टला बोलावलं.

"कापडी छत बरं दिसेल," तो म्हणाला. "पण दर ऑक्टोबरात उतरवायचं आणि दर मे महिन्यात चढवायचं."

"तेवढाच तुला व्यायाम," आर्डिस म्हणाली.

"मग द्राक्षाचा वेल सोडू."

"वेल वर पोचेपर्यंत आपण खाली पोचू," नॉर्बर्ट म्हणाला.

"लोखंडी पत्रा? एकदा ठोकला की शंभर वर्षं बघायला नको."

"आणि माझ्या स्वयंपाकघरात भरदिवसा काळोख!" आर्डिस म्हणाली. "शिवाय पावसात त्याच्याखाली ओरडून बोलावं लागेल. तुम्ही दोघं तासाला चार वाक्यं बोलता, तीही हवापाण्यावर. तेवढीसुद्धा ऐकू यायची नाहीत."

उरला दुधी रंगाचा प्लास्टिकचा पत्रा. नॉर्बर्टने त्याच्याखाली आपला तळहात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा घे," तो म्हणाला. "उजेड राहतो. म्हणजे… माझ्या बाजूलाही सावली पडायची नाही."

नॉर्बर्टच्या मानाने हे मोठंच भाषण झालं. त्यामागचं कारण मला कुंपणावरून दिसत होतं. पलीकडे, कुंपणाला लागूनच डेलियाचा वाफा होता. तो त्याच्या बायकोचा, डेलोरेसचा. तिने बी पेरून एक डेलिया काढली होती, काळसर लाल, पाकळ्यांच्या टोकांना तांबूस झाक. डेलियाचं बी पेरलं की दरवेळी वेगळंच फूल येतं. तेच फूल हवं असेल तर त्याचा कंदच जपावा लागतो. डेलोरेस गेल्यावर नॉर्बर्ट दर ऑक्टोबरात ते कंद खणून काढी, धुऊन तळघरात भुशात ठेवी आणि मे महिन्यात पुन्हा लावी. अशी सहा वर्षं त्याने काढली होती. ते फूल जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं.

छप्पर ठरलं, पण छपराला उतार लागतो. घराकडे उतार दिला तर पाणी भिंतीत मुरून तळघरात जाणार. डावीकडे आर्डिसची जायची-यायची वाट. तिथे पाणी गोठलं तर म्हातारपणी कंबर मोडायची. उजवीकडे गॅरेज. राहिलं कुंपण.

"तुझ्याकडे उतार द्यावा लागतोय," व्हर्लिन जरा ओशाळून म्हणाला. "कडेला पन्हळ लावीन म्हणतो."

"सावकाश लाव रे. चार थेंब तर पडणार."

"पण तुझा वाफा?"

"फुकटचं पाणी. चालेल की."

सप्टेंबरात पत्रे बसले. शिडी नॉर्बर्टनेच धरली होती. पन्हळही आणलेली होती, पण थंडी तोंडावर आली होती, आणि बर्फ साचला की नवी पन्हळ वाकते, म्हणून ती वसंतात लावायची ठरलं. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

चुकलं ते पुढच्या जूनमध्ये. त्या वर्षी पावसाने ताळ सोडला. आढ्याचं पाणी वळचणीला जायचंच. माझ्या दुधी पत्र्यांवरून ते धो धो घसरत यायचं आणि कुंपण ओलांडून थेट डेलियाच्या मुळाशी आदळायचं. माझ्याखाली मात्र लख्ख उजेड आणि कोरडी खुर्ची! आर्डिस तिथे बसून विणकाम करी. कौतुकाने मी फुगलो होतो.

एकदा फाटकाशी उभं राहून व्हर्लिनने विचारलं, "पाणी फार येतंय का रे तुझ्याकडे?"

"नाही नाही. काही त्रास नाही."

इथे एक सांगायला हवं. या गावातल्या माणसाला कॉफी विचारा, तो नको म्हणतो. पुन्हा विचारा, उगाच कशाला म्हणतो. तिसऱ्यांदा विचारलंत की कप पुढे करतो. आजेपणजे असेच वागले आणि शेंबडी पोरंही असंच वागतात. पहिले दोन नकार हे नकार नसतात, हे व्हर्लिनला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तो स्वतः जन्मभर तिसऱ्या विचारण्यावर कॉफी प्यायला होता.

त्या संध्याकाळी आर्डिस म्हणालीही, "पुन्हा विचार त्याला."

"दोनदा सांगितलं त्याने. आता काय शपथ घालू?"

"तिसऱ्यांदा विचार, व्हर्लिन."

तो उठला आणि माझ्या पुढच्या तुळईवरून हात फिरवायला लागला. तिला त्याने तीनदा तेल पाजलं होतं, तिची कड रंधून गोल केली होती. तिच्यावर स्क्रू मारून पांढरी पन्हळ ठोकायची त्याच्या जिवावर आली होती. विचारलं असतं तर खरं उत्तर आलं असतं, आणि मग ठोकावीच लागली असती. म्हणून त्याने विचारलं नाही. आणि आता खोटं कशाला बोलू? ती पन्हळ मलाही नको होती. मीही माझ्या रूपावर भुललो होतो.

त्यानंतर जे झालं ते फक्त मी पाहिलं. सकाळी सहाला, व्हर्लिनचे पडदे बंद असताना, नॉर्बर्ट गुडघ्यांवर बसून खुरप्याने वाफ्याच्या कडेला चर खणायचा. खणून झाला की त्यावर वाळलेलं गवत पसरायचा, म्हणजे शेजाऱ्याला दिसून वाईट वाटायला नको. दुपारच्या सरीत तो चर भरून जायचा. दुसऱ्या सकाळी म्हातारा पुन्हा गुडघ्यांवर. मी वरून बघत होतो, आणि पाऊस आला की माझ्या छपराचं पाणी त्याच चरात ओतत होतो.

जुलैत पानं पिवळी पडली. ऑगस्टमध्ये दोनच फुलं आली, तीही खाली माना घालून. ऑक्टोबरात पहिला कडाका पडल्यावर नॉर्बर्टने वाफा खणला. कंद वर आले ते तपकिरी, मऊ, बोट लावलं की आत जात होतं. त्यातले सहा-सात त्याने बादलीत धुतले, एकेक डोळ्यांपाशी नेऊन कुठे कोंबाचा डोळा दिसतो का बघितलं. मग बादली उलटी घालून तिच्यावर बराच वेळ बसून राहिला. इतकी वर्षं उभा आहे मी, पण त्या दिवसासारखी स्वतःची लाज मला कधी वाटली नाही.

दुपारी व्हर्लिनने कुंपणावरून हाक मारली, "झाली का खणून?"

"झाली."

"यंदा कशी काय?"

"ठीकच."

इथल्या 'ठीकच'मध्ये बारशापासून मयतापर्यंत सगळं मावतं. व्हर्लिन बरं म्हणाला आणि पानं गोळा करायला लागला.

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर फार बरं झालं असतं. नॉर्बर्ट नुसता यायचा थांबला. आधी गुडघा दुखतो म्हणाला, मग सर्दी झालीय म्हणाला. समोर दिसला की हात वर करायचा, हवा बरी आहे म्हणायचा. फाटकापुढे गवत वाढलं. माझ्याखालच्या तीन खुर्च्यांतली एक आर्डिसने आत नेऊन ठेवली.

मे महिन्यात तिचं लक्ष गेलं. वाफ्यावर हिरवळीचं बी पसरलेलं होतं.

"नॉर्बर्ट, डेलोरेसची डेलिया कुठे लावलीस या वर्षी?"

"अं… यंदा जरा विश्रांती."

"कंद आहेत ना पण तळघरात?"

तो हातातला पाण्याचा पाइप दुसरीकडे वळवून म्हणाला, "फुलंच ती. येतात, जातात."

आर्डिस घरात आली ती रडतच. व्हर्लिनने सगळं ऐकून घेतलं, गॅरेजमध्ये गेला आणि पन्हळ घेऊन आला. माझ्या तुळईत अकरा स्क्रू गेले. सगळ्या कामाला चाळीस मिनिटं लागली. चाळीस मिनिटं! आर्डिस खालून बघत होती आणि डोळे पुसत होती.

मग व्हर्लिन नॉर्बर्टच्या दारी गेला, आणि दहा मिनिटांत परतला.

"बोललास?" आर्डिसने विचारलं.

"बोललो."

"काय?"

"पन्हळ लावली म्हणून सांगितलं."

"आणि?"

"छान झालं म्हणाला."

"अरे, माफी मागितलीस का?"

"तीच तर मागायला गेलो होतो," व्हर्लिन म्हणाला, आणि माझ्या खांबाला टेकून उभा राहिला.

त्यानंतर पलीकडे एक थेंब पडला नाही. पण व्हर्लिनला माझ्याखाली बसवेना. पाऊस आला की तो आत जायचा. पुढच्या वर्षी ऑगस्टच्या एका सकाळी त्याने शिडी लावली आणि पत्रे सोडवायला घेतले. कुणी सांगितलं नव्हतं, काही गरजही नव्हती. त्याला जे तोंडाने म्हणता येत नव्हतं ते तो हातांनी म्हणत होता, असं मला वाटलं. आर्डिसही दारात आली आणि त्याला न अडवता परत गेली.

तिसरा पत्रा निघाला तेव्हा नॉर्बर्ट कुंपणाशी आला. दोन वर्षांत पहिल्यांदा, आपण होऊन.

"छप्पर काढतोयस होय?"

"हो."

"चांगलं होतं की." मग तो खाली, हिरवळीकडे बघत म्हणाला, "आता तर पाणीही येत नव्हतं माझ्याकडे."

डेलिया गेल्यापासून पाण्याचं नाव त्याने कधी काढलं नव्हतं. व्हर्लिन शिडीवर, हातात पत्रा. बोल, मी म्हणत होतो, बोल रे बाबा, त्याने दार उघडलंय. व्हर्लिनने तोंड उघडलंही.

"नाही, तसं काही नाही," तो म्हणाला. "धुवायला काढलेत. शेवाळ धरलंय जरा."

नॉर्बर्टने भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांकडे बघितलं. ते लख्ख होते.

"अस्सं," तो म्हणाला. "धुऊन घे मग." आणि घरात गेला.

पत्रे अजून तिथेच आहेत. ते कुणी धुतले नाहीत, परत चढवलेही नाहीत. मी पुन्हा बोडका झालोय. पाऊस आला की माझ्या वाशांमधून सरळ खाली पडतो आणि व्हर्लिनच्याच अंगणात जिरतो. थोड्या दिवसांनी कुणी मला पाडलं, तर माझी तक्रार असणार नाही. मला तोंड नाही म्हणून मी गप्प राहिलो. त्या दोघांना तर तोंडं होती.