कुंडीखेडी पळस

नंदाताईंनी स्टीलच्या डब्याचे झाकण उघडले आणि आतले तीन दगड एकेक करून टेबलावर मांडले. झाकणाच्या कडेला काळी माती वाळून बसली होती. ती त्यांनी पुसलेली नव्हती.

"दरड उपसली तेव्हा हा डबा शैलेंद्रच्या हातात होता," त्या म्हणाल्या. "पोलिसांनी परवा दिला."

पाण्याचे पेले ठेवता ठेवता उषाताई थांबल्या. नानाखेड्यातल्या त्या लहानशा घराच्या भिंतींना काचेची कपाटे लागलेली होती. त्यांत उषाताईंचे पती जयंतराव यांनी आयुष्यभर जमवलेले अकीक, जास्पर असे रंगीत दगड मांडलेले, आणि प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. दगड जमवणाऱ्यांचा एक जुना शिरस्ता आहे: ज्याला दगड प्रथम गवसला, त्याने त्याचे नाव ठेवावे, नावात आधी गाव यावे, मग रूप. बाजाराने ते नाव एकदा उचलले की ते ठेवणाऱ्याच्याही हातात राहत नाही. जयंतरावांनी ठेवलेले असे एक नाव जयपूरच्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचले होते. कुंडीखेडी पळस. मातकट तांबड्या अंगावर पळसाच्या पाकळ्यांसारखे केशरी पेटलेले जास्पर.

त्याच्याच शोधात नंदाताईंचा थोरला मुलगा शैलेंद्र कुंडीखेडीच्या नाल्यात काठाखाली खणत आत शिरला होता, आणि वरचा काठ त्याच्यावर कोसळला. तो गेल्याला अजून महिना झाला नव्हता.

"भाऊ, मला यातलं काही कळत नाही," नंदाताई जयंतरावांना म्हणाल्या. "देवास गेटच्या आमच्या घरात दर रविवारी एकच ऐकायचे. आई, सापडला की पहिला तुझ्या देवघरात. मला इतकंच सांगा. त्याला तो मिळाला होता का?"

त्यांचा धाकटा मुलगा रुचिर खिडकीशी उभा होता. तो बसायला तयार नव्हता.

"आणि मला जागा सांगा, काका. नाल्यावरच्या पिंपळाच्या अलीकडे की पलीकडे? मी जाणार आहे रविवारी."

"रुचिर!"

"आई, बोलणं झालंय आपलं. दोरी बांधून जाईन. दादाचं अधुरं राहिलंय." मग तो जयंतरावांकडे वळला. "दगडवाल्यांच्या ग्रुपवर सगळे इतकी वर्षं विचारून थकले, काका. तुम्ही नुसते हात जोडलेले पाठवता. आता तरी सीधं सीधं सांगा ना."

जयंतरावांनी मधला दगड उचलला, खिशातले भिंग काढून डोळ्याला लावले आणि खिडकीच्या उजेडात तो फिरवू लागले.

उषाताईंची नजर त्या हातावर खिळली. हाच हात पहिल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चिठ्ठी लिहायला बसला होता. दगड सापडला होता अगदी उलट दिशेला, बामणटेकडीच्या बंद पडलेल्या खदानीमागे. उषाताईंनी स्वतः पिशवी भरून तो वाहून आणला होता. "खरं गाव लिहिलं तर आठवड्यात टेकडी पोखरून काढतील," असे म्हणून जयंतरावांनी नकाशा उलगडला आणि जिथे नाल्यावाचून काहीच नव्हते असे एक गाव निवडले. "सगळेच असं करतात गं," ते म्हणाले होते. पळस हा शब्द मात्र उषाताईंचा. तो त्यांना फार आवडला होता, आणि आपल्या नवऱ्याच्या चतुराईचे त्यांना हसूही आले होते. दरडीची बातमी छापून आल्यापासून मात्र दोघांपैकी कोणीही त्या दगडाच्या कपाटाकडे पाहिले नव्हते.

जयंतरावांनी भिंग खाली ठेवले.

"हो," ते म्हणाले. "हाच."

नंदाताईंनी डोळे मिटले. दगड दोन्ही हातांत घेऊन त्यांनी कपाळाला लावला. उषाताईंना वाटले, ही दयाच असेल. पण त्या दयेच्या आडोशाला जयंतरावही उभे होते, हे त्यांना दिसत होते.

रुचिरने खिशातून फोन काढला होता.

"म्हणजे माल तिथेच आहे. पिंपळाच्या पलीकडे ना, काका?"

"पलीकडे," जयंतराव जमिनीकडे पाहत म्हणाले.

उषाताई आत गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याने भरलेला काचेचा वाडगा होता. तो टेबलावर ठेवून त्यांनी कपाट उघडले आणि 'कुंडीखेडी पळस' लिहिलेल्या चिठ्ठीवरचा दगड उचलला.

"नंदाताई, तुमचा द्या जरा."

"उषा," जयंतराव म्हणाले.

न घासलेले दगड कोरडे असताना सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. पाण्यात गेले की आपापला रंग सांगतात. उषाताईंनी दोन्ही वाडग्यात सोडले. एक तळाशी जाताच पेटून उठला. दुसऱ्यातून थोडी माती सुटली, आणि तो होता तसाच तपकिरी राहिला.

नंदाताई वाडग्यावर वाकल्या.

"म्हणजे नव्हता मिळाला."

"तिथे तो नाहीच, ताई. कधीच नव्हता. हा दुसरीकडचा आहे."

"काय बोलताय, काकू?" रुचिर म्हणाला. "नावच कुंडीखेडी आहे त्याचं!"

"नाव आम्ही ठेवलं. दोघांनी."

बसस्थानकाकडून हॉर्न ऐकू येत होते. रुचिर जयंतरावांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. त्याने फोन त्यांच्या मांडीवर टाकला.

"लिहा. ग्रुपवर लिहा, आत्ताच्या आत्ता."

"लिहितो," जयंतराव म्हणाले. "पण बाळा, विश्वास कोण ठेवील? म्हणतील, म्हातारा खरी जागा लपवतोय. आणखी चार जण फावडी घेऊन तिथेच जातील."

नंदाताईंनी आपला दगड पाण्यातून काढला, पदराने टिपला, उरलेल्या दोघांजवळ डब्यात ठेवला आणि झाकण लावले. जयंतरावांकडे त्यांनी पाहिले नाही.

त्या दाराशी पोहोचल्या तेव्हा उषाताई म्हणाल्या, "रुचिर, रविवारी तू जाणारच होतास. मला घेऊन चल."

"तिथे? कशाला?"

"कोणीतरी खणायला येईल. त्याला अडवायला माणूस नको?"

रुचिरने आईकडे पाहिले. नंदाताई उंबऱ्याबाहेर वाकून चपला घालत होत्या.

"रिक्षा करू," त्या न वळता म्हणाल्या. "आपण तिघं गाडीवर मावणार नाही. सकाळी लवकर तयार राहा."

फाटकाची कडी वाजली. उषाताई पेले उचलून आत गेल्या. त्यांतले पाणी कोणीही प्यायले नव्हते. जयंतरावांनी वाडग्यात हात घालून आपला दगड बाहेर काढला आणि तळहातावर धरून ते बसून राहिले. पंख्याच्या वाऱ्याने पाणी सुकत गेले. एकेक पाकळी विझली, आणि बघता बघता तो त्या दुसऱ्या दगडासारखाच दिसू लागला.